जुन्या पेटीवरची अक्षरं : रंगवण्याआधी वाचूया



गणपती जवळ आले, शाळेचा वर्धापन दिन आला किंवा गावात सप्ताह ठरला, की कपाटावरची जुनी पेटी खाली उतरते. धूळ झटकली जाते, भाता तपासला जातो आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "हिला एक रंगाचा हात मारून घेऊ, नव्यासारखी दिसेल." दोन दिवसांत पेटी चकचकीत होते. रंगाखाली काय गेलं हे मात्र कुणी पाहिलेलं नसतं. बनवणाऱ्याचं नाव, दुकानाचा पत्ता, कुणी कुणाच्या स्मरणार्थ दिली ती ओळ, कडेची वेलबुट्टी, सगळं एका डब्यात संपतं.

आजचा लेख याच अक्षरांबद्दल आहे. जुन्या वाद्यांवरची अक्षरं आणि नक्षी कशी काढलेली असते, त्यावरून वाद्याचा काळ कसा ओळखायचा, ती खराब झाली असेल तर काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे क्रमाने पाहू. शेवटी इयत्ता चौथी-पाचवीसाठी एक उपक्रम दिला आहे. परिसर अभ्यासात आपण "भौतिक, लिखित आणि मौखिक साधनं" शिकवतो. एक जुनी पेटी वर्गात आणली तर तिन्ही साधनं एकाच टेबलावर मिळतात.

पियानो आणि पेटी

जगभरात या विषयाची चर्चा जास्त होते ती जुन्या पियानोंच्या बाबतीत. पियानोचं झाकण उघडलं की पट्ट्यांच्या वर, बरोबर मधोमध, बनवणाऱ्याचं नाव सोनेरी अक्षरात असतं. मुंबईत पियानो भरपूर आले. पारशी आणि गोवन घरांत, चर्चमध्ये, कॉन्व्हेंट शाळांत ते होते, काही ठिकाणी अजून आहेत. धोबीतलावच्या फुर्टाडोजसारखं वाद्यांचं दुकान १८६५ पासूनचं आहे. त्या काळच्या बऱ्याच पियानोंवर बनवणाऱ्याच्या नावासोबत इथल्या विक्रेत्याचंही नाव घातलेलं असायचं.

आपल्या घरांत पियानो क्वचितच असतो, पेटी मात्र असते. दोन्हींचा आवाज निघण्याची रीत वेगळी. पियानोत हातोडी तारेवर पडते, पेटीत भात्याची हवा पितळी सुरांवरून जाते. १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांडर डिबेन यांनी हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पुढे कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन या दुकानाने, १८७५ पासून, हाताने भाता मारायच्या पेटीला आपल्याकडे रुळवलं. संगीत नाटकांनी आणि भजनी मंडळांनी ती महाराष्ट्रात घरोघरी नेली. पियानोची एक सवय मात्र पेटीने उचलली : समोरच्या फळीवर नाव मिरवायचं.

त्यात आपल्याकडे आणखी भर पडली. पियानोवर बनवणाऱ्याचं आणि विकणाऱ्याचं नाव असतं. पेटीवर या दोघांखेरीज मंडळाचं नाव असतं, गावाचं असतं, देणगीदाराचं असतं, क्वचित "कै." लावून ज्याच्या आठवणीत दिली त्याचंही असतं. म्हणजे आपली पेटी पियानोपेक्षा जास्त बोलते.

ही अक्षरं कशी काढलेली असतात?

दुरुस्तीआधी हे कळणं फार गरजेचं आहे, कारण एका पद्धतीला जे औषध तेच दुसऱ्या पद्धतीला विष ठरतं. साधारण पाच प्रकार दिसतात.

१. पितळी पट्टी. पितळेच्या पातळ पत्र्यावर अक्षरं कोरतात आणि खाचांत काळी लाख किंवा रंग भरतात. पट्टी पिवळी, अक्षरं काळी. ही सगळ्यात टिकाऊ. पण दर दसऱ्याला घासूनपुसून चकाकवली, की आधी खाचेतला काळा रंग जातो, मग खाचच उथळ होते आणि नाव वाचता येत नाही.

२. जडवलेली अक्षरं. लाकडात अक्षराच्या आकाराची खाच पाडून त्यात पितळेचं किंवा वेगळ्या रंगाच्या लाकडाचं अक्षर बसवतात. महागड्या पियानोंवर हे दिसतं. लाकूड फुगलं-आकसलं की अक्षर सुटून वर येतं.

३. उतरवलेला छाप. मुलं च्युइंगमसोबत येणारा टॅटू हातावर ठेवतात, पाणी लावतात आणि कागद काढून घेतात. बरोबर तीच युक्ती. कागदावर छापलेलं नाव पाण्याने किंवा चिकट थराने लाकडावर उतरवायचं आणि वरून पॉलिश मारायचं. असंख्य पियानोंवरची सोनेरी नावं अशीच आहेत आणि कारखान्यात झालेल्या पेट्यांवरही असा छाप दिसतो. हा थर कागदापेक्षा पातळ असतो. त्यावरचं पॉलिश निघालं की छापही निघालाच.

४. सोन्याचा वर्ख. मिठाईवर चांदीचा वर्ख असतो तसा सोन्याचा, चिकट थरावर अक्षराच्या आकारात बसवलेला. खरं सोनं काळं पडत नाही. "सोनेरी" अक्षरं तपकिरी किंवा हिरवट झाली असतील तर तिथे बहुधा पितळेची पूड मिसळलेला सोनेरी रंग वापरला आहे. हा फरक मुलांना सांगण्यासारखा आहे. दिसायला दोन्ही सोनेरी, पन्नास वर्षांनी कोण कोण ते कळतं.

५. पेंटरच्या हातची अक्षरं. मंडळांची आणि देणगीदारांची नावं बहुतेक अशीच असतात. खडूने दोन रेघा आखायच्या आणि ब्रशने तैलरंगात अक्षरं काढायची. अक्षराच्या कडेला सावली, खाली एक वेल, दोन बाजूंना कमळ किंवा वीणा. फ्लेक्स येण्याआधी प्रत्येक गावात, प्रत्येक नाक्यावर असा एक पेंटर असायचा आणि लोक त्याची अक्षरं ओळखायचे.

या सगळ्यांच्या वर एक पारदर्शक थर असतो. जुन्या वाद्यांवर तो बहुधा फ्रेंच पॉलिशचा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचा असतो. नाव फ्रेंच असलं तरी युरोपातल्या वाद्यांना लागणारी लाख मोठ्या प्रमाणावर आपल्याच जंगलांतून जायची. लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

अक्षरं काळ सांगतात

आता आपल्या, म्हणजे मराठी शिक्षकांच्या, आवडीचा भाग. पेटीवर साल लिहिलेलं नसलं तरी अक्षरं बरंच सांगून जातात.

शीर्षबिंदू पाहा. "नांव", "भेंट", "मंडळानें", "ठाणें" असं लिहिलेलं दिसलं की समजावं, लिहिणारा जुन्या वळणाचा आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. काही लोक त्यानंतरही सवयीने देत राहिले, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नये. पण हा पुरावा चांगला आहे.

अक्षरवळण पाहा. मराठी वळणाचे ल आणि श वेगळे, हिंदी वळणाचे वेगळे. संगणकाच्या फॉन्टमुळे हिंदी वळण आपल्याकडे इतकं पसरलं की ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठी वळणाचे ल आणि श पुन्हा निश्चित करावे लागले. जुन्या पेंटरच्या हातचा ल बहुधा दोन सारख्या पाकळ्यांचा असतो. त्यावर संगणकातून काढलेलं स्टिकर चिकटवलं की आधी हा ल जातो.

सनावळी पाहा. "शके" असेल तर ७८ मिळवा, इसवी सन मिळतो (जानेवारी ते फाल्गुन अखेरपर्यंतच्या महिन्यांसाठी ७९). "संवत" असेल तर साधारण ५७ वजा करा.

किंमत पाहा. आतल्या कागदी चिठ्ठीवर "रु. १३५-८-०" असं तीन भागांत लिहिलं असेल तर ते रुपये-आणे-पै आहेत. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली.

पत्ता पाहा. "मुंबई नं. ४" असा एक-दोन आकडी विभाग असेल तर चिठ्ठी बहुधा १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीची, कारण त्या दिवशी सहा आकडी पिनकोड सुरू झाला.

आणि आपल्या नवी मुंबईकरांसाठी खास खूण : जिल्हा पाहा. पनवेल, उरण हे तालुके आधी कुलाबा जिल्ह्यात होते. १९८१ पासून त्याला रायगड म्हणतात. म्हणून "ता. पनवेल, जि. कुलाबा" हे शब्द सरळ १९८१ च्या मागे नेतात. सिडको १९७० साली स्थापन झाली, शहरासाठी इथल्या ९५ गावांची जमीन घेण्यात आली आणि महानगरपालिकेचा कारभार १९९२ पासून सुरू झाला. मधल्या काळात पत्त्यात "न्यू बॉम्बे" लिहिलं जायचं. तेव्हा पेटीवर "न्यू बॉम्बे" दिसलं तर तिचा काळही बराच आटोक्यात येतो.

एक उदाहरण सोडवून पाहू. समजा पेटीवर असं लिहिलंय : "प्रासादिक भजन मंडळ, मु. अमुक, ता. पनवेल, जि. कुलाबा. यांस सप्रेम भेंट. शके १८७७." १८७७ मध्ये ७८ मिळवले की १९५५. "भेंट"वरचा अनुस्वार १९६२ च्या आधीचा, जुळतं. जिल्हा कुलाबा, जुळतं. आत आणे-पैची चिठ्ठी सापडली तर तीही जुळेल. चार पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात. पण समजा अक्षरं ताजी दिसतात आणि "भेट"वर अनुस्वार नाही, मग? कदाचित नंतर कुणीतरी पुन्हा रंगवताना "सुधारून" लिहिलं असेल. मुलांना हा शोध फार आवडतो.

आज गावाभोवती सेक्टर उभे राहिले आहेत. पत्त्यात सेक्टर आणि प्लॉट नंबर येतो, गावाचं नाव मागे पडतं. जिथे भातशेती आणि मिठागरं होती तिथे स्टेशनं आहेत. अशा ठिकाणी मंडळाच्या पेटीवर, मृदंगाच्या खोळीवर, देवळातल्या घंटेवर गावाचं नाव जुन्या अक्षरांत उरलेलं असतं. आणि जी कुटुंबं सातारा, जुन्नर, कोकणातून इकडे आली, मार्केटमध्ये माथाडी म्हणून राबली, त्यांच्या घरातल्या पेटीवर त्यांच्या मूळ गावाचं नाव असू शकतं. एका पेटीवर दोन गावांची नावंही सापडू शकतात. ते सगळं एका ब्रशने पुसलं जातं.

नक्षीचं काय? मिरजेचा तंबोरा

अक्षरांइतकीच नक्षीही महत्त्वाची. महाराष्ट्रात याचं सगळ्यात मोठं घर म्हणजे मिरज. शस्त्रांचं काम करणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी १९ व्या शतकाच्या मध्यास तिथे तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. घराण्याचं नावच पुढे सतारमेकर झालं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

तंबोऱ्याचा भोपळा जिथे दांडीला मिळतो तिथे लाकडात कोरलेली पानं असतात. दांडीच्या आणि तबलीच्या कडेने पांढऱ्या पट्ट्या, त्यांवर कोरून काळी केलेली वेलबुट्टी. जुन्या वाद्यांत ही पट्टी हस्तिदंताची किंवा हाडाची असू शकते. नंतर सेल्युलॉइड आलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि पुढच्या बंदीनंतर हस्तिदंत वापरणं थांबलं. पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांवरही पूर्वी हस्तिदंताचाच पातळ थर असे, त्याची जागाही प्लॅस्टिकने घेतली.

इथे एक धोक्याची सूचना. सेल्युलॉइड थिनरमध्ये आणि नेलपॉलिश काढायच्या द्रावणात विरघळतं, शिवाय चटकन पेट घेतं. तंबोऱ्यावरचा काळा डाग काढायला कुणी थिनरचा बोळा फिरवला तर डागासोबत वेलबुट्टीही चिकट होऊन निघेल. अगरबत्ती आणि निरांजन वाद्यापासून लांब ठेवा हे वडीलधारे सांगतात, त्यात तथ्य आहे.

नाव बदललं की काय होतं?

हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोच्या आधीचं, तार छेडून वाजणारं वाद्य. १६ व्या आणि १७ व्या शतकात अँटवर्प शहरात रुकर्स घराणं ही वाद्यं बनवत असे. आतल्या फळीवर फुलं-पाखरं रंगवलेली, झाकणावर छापील नक्षीचा कागद आणि लॅटिन सुविचार, आणि फळीच्या भोकात बनवणाऱ्याची आद्याक्षरं असलेलं जाळीचं फूल. पुढे शंभर वर्षांनी पॅरिसमध्ये या वाद्यांना इतका भाव आला की कारागिरांनी ती कापून मोठी केली, पुन्हा रंगवली आणि काहींनी तर आपल्याच वाद्यावर रुकर्सचं नाव घालून विकलं. त्यामुळे आज संग्रहालयात रुकर्सचं नाव दिसलं तरी अभ्यासक लगेच विश्वास ठेवत नाहीत. लाकूड, रंगाचे थर, अक्षराचं वळण, सगळं तपासतात.

आपल्याकडे कुणी पैशासाठी खोटं नाव घालत नाही. पण परिणाम तोच होऊ शकतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या पणजोबांनी गावच्या मंडळाला पेटी दिली होती. समोरच्या फळीवर त्यांचं नाव होतं. मंडळाच्या वर्धापन दिनाला पेटी दुरुस्त झाली, खर्च दुसऱ्या एका सद्गृहस्थांनी केला, म्हणून रंग मारून त्या जागी त्यांचं नाव आलं. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. पण मुलीची आजी एकादशीला देवळात गेली की आधी त्या नावावरून हात फिरवायची. तिला आता वडिलांचं नाव कुठेच लिहिलेलं सापडत नाही. घरात त्यांचा फोटोही नाही. नव्या देणगीदाराचं नाव खाली किंवा बाजूला लिहिता आलं असतं, दोघांचा मान राहिला असता.

म्हणून मी पालकांना सांगते, जुनं नाव हा त्या माणसाचा कधी कधी एकमेव कागद असतो. तो लाकडाचा आहे एवढंच.

दुरुस्ती करायची तर या क्रमाने

संग्रहालयांत काम करणारे तज्ज्ञ तीन गोष्टी पाळतात : आधी नोंद, मग कमीत कमी हस्तक्षेप, आणि जे करू ते उद्या काढता यायला हवं. घरी आणि शाळेत आपणही हेच पाळू शकतो.

पहिली पायरी, फोटो. पूर्ण पेटीचा, प्रत्येक बाजूचा, अक्षरांचा जवळून. शेजारी पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल. मग खोलीत अंधार करून टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून तिरका धरा. रंग उडालेला असला तरी ब्रशचे उंचवटे सावली पाडतात आणि न दिसणारी अक्षरं दिसू लागतात. हा प्रयोग मुलांसमोर जरूर करा.

दुसरी पायरी, नक्कल. फळीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद अलगद धरून मार्करने अक्षरांची कड उतरवा. फार दाबू नका. पोपडे सुटत असतील तर हेही करू नका, फोटोवरूनच नक्कल काढा.

तिसरी पायरी, आत पाहा. भात्याची घडी, पट्ट्यांखालची जागा, झाकणाची आतली बाजू. दुरुस्ती करणारे पेन्सिलने तारीख, सही, स्वरांची खूण लिहून ठेवतात. पियानोतही सूर लावणारे अशाच सह्या करतात. पेटी उघडायची असेल तर ती दुरुस्त करणाऱ्याकडूनच उघडून घ्या.

चौथी पायरी, सफाई. आधी कोरडा मऊ ब्रश. मग कापसाच्या काडीवर डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब, तोही कोपऱ्यात, अक्षरांपासून लांब, तपासून. काडीला रंग लागला तर तिथेच थांबा. गंमत म्हणजे संग्रहालयांतले तज्ज्ञ कित्येकदा स्वतःच्या लाळेने ओलसर केलेला कापूस वापरतात, कारण लाळेतली विकरं मळ सोडवतात. वर्गात हे सांगितलं की हशा पिकतो, पण पाचनसंस्थेचा धडाही होऊन जातो.

पाचवी पायरी, भरणी. अक्षराचा जेवढा तुकडा गेला आहे तेवढाच भरायचा, शेजारच्या शाबूत रंगावर ब्रश न्यायचा नाही. आधी त्या जागी वार्निशचा पातळ थर आणि त्यावर सहज निघणारा रंग, म्हणजे चुकलं तर मूळ लाकूड आणि मूळ रंग सुरक्षित. हे काम हौशी हाताचं नाही. गावात जुना पेंटर अजून असेल तर त्याला बोलवा, त्याच्याकडून वळण समजून घ्या. काम मोठं असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे विचारणा करता येते.

सहावी पायरी, नोंद. काय केलं, कधी केलं, कुणी केलं ही चिठ्ठी पेटीच्या आत ठेवा. पुढच्या माणसाला नवी अक्षरं कुठली आणि जुनी कुठली ते कळायला हवं.

आणि हे अजिबात करू नका :

- स्पिरिट, सॅनिटायझर किंवा काच पुसायचं द्रावण. वर सांगितलं ना, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. करोनाच्या काळात लागलेली सॅनिटायझरने पुसायची सवय जुन्या पॉलिशला महाग पडते.
- थिनर आणि पॉलिशपेपर. सुताराला "थोडं घासून घ्या" सांगताना समोरच्या फळीचं नाव वेगळं काढून सांगा.
- सुटलेल्या पोपड्यावर सेलोटेप. टेप निघते तेव्हा अक्षर घेऊनच निघते.
- खोबरेल तेल. दोन दिवस चमक येते, मग धूळ बसून काळपट थर होतो.
- शुद्धलेखन सुधारणं. "नांव"चा अनुस्वार तसाच राहू द्या. वहीत आपण लाल पेन चालवू, पेटीवर नको.

आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, पावसाळा. खाडीकाठची हवा तशीच दमट, त्यात जून ते सप्टेंबर. लाकूड फुगतं, रंग लाकडाबरोबर फुगत नाही, म्हणून पोपडे सुटतात. फ्रेंच पॉलिशवर पांढुरके डाग येतात ते ओलाव्याचे. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, जमिनीवर ठेवू नका आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत बुरशी धरते. जुन्या सुती साडीची खोळ उत्तम.

"पण मॅडम, पेटी वाजवायची आहे, संग्रहालयात ठेवायची नाही!"

हा प्रश्न मंडळातली माणसं हमखास विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. न वाजणारी पेटी कुणालाच नको. म्हणून दोन भाग करा. भाता, सूर, पट्ट्या, झडपा यांची दुरुस्ती मोकळेपणाने करा, लागेल ते बदला. बाजू आणि मागचा भाग पॉलिश करायचा तर करा. अक्षरांची फळी तेवढी सोडा.

फळी फारच खराब झाली असेल तर सुताराकडून तिच्या मापाची नवी करून घ्या. नव्या फळीवर जुन्या नकलेवरून नाव रंगवा आणि जुनी फळी कापडात गुंडाळून देवळाच्या किंवा शाळेच्या कपाटात ठेवा. पियानो दुरुस्त करणारेही पॉलिश उतरवायच्या आधी नावाचं माप घेतात, नक्कल काढतात आणि तसाच छाप पुन्हा करून घेतात. पेटी वाजते, नाव दिसतं, मूळ पुरावाही राहतो. खर्चही फार वाढत नाही, वाढतो तो फक्त एक दिवस.

वर्गातला उपक्रम : "बोलकी वस्तू" (इयत्ता चौथी-पाचवी, चार तासिका)

तासिका १ : पाहणं. गटात एक जुनी वस्तू. पेटी नसेल तर नाव कोरलेलं पितळेचं भांडं, शिवणयंत्र, ट्रंक, भिंतीवरचं घड्याळ काहीही चालेल. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव आणि तारीख घालायची पद्धत होती, त्यामुळे प्रत्येक घरात काहीतरी सापडतंच. मुलांनी हात न लावता पाच मिनिटं फक्त पाहायचं आणि जे दिसलं ते जसंच्या तसं, अनुस्वारासकट, वहीत उतरवायचं.

तासिका २ : काळ शोधणं. वर दिलेल्या खुणा फळ्यावर लिहा. शके-इसवी सनाची बेरीज, आणे-पैची गणितं, जुन्या जिल्ह्याचा नकाशा. प्रत्येक गटाने "ही वस्तू अमुक सालाच्या आधीची किंवा नंतरची, कारण..." असं वाक्य पूर्ण करायचं. "कारण" शिवाय वाक्य स्वीकारायचं नाही.

तासिका ३ : विचारणं. घरच्या किंवा गावच्या वडीलधाऱ्या माणसाला तीन प्रश्न. ही कुणी आणली? नाव कुणी घातलं? आधी कशी दिसायची? हे झालं मौखिक साधन. माहिती वस्तूवरच्या पुराव्याशी जुळते का ते वर्गात तपासा. आजोबांचं साल आणि पेटीवरचं साल जुळलं नाही तर आजोबांना खोटं पाडायचं नाही, दोन्ही लिहून ठेवायचं.

तासिका ४ : अक्षरं काढणं. नकलेवरून एक शब्द जुन्या वळणात ब्रशने काढायचा. मराठी ल, मराठी श, सावली, वेल. सुलेखनाचा तास वेगळा घ्यायची गरज उरत नाही.

मूल्यमापनात चित्र किती सुंदर याला कमी आणि नोंद किती नेमकी याला जास्त गुण द्या.

सहल काढणार असाल तर भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय सुचवेन, सुरू आहे ना ते आधी विचारून घ्या. १८७२ मध्ये उघडलेल्या या इमारतीचं जतन करताना छतावरची नक्षी आणि सोनेरी काम पुन्हा उजळवलं गेलं आणि २००५ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कार मिळाला. मुलांना तिथे एकच काम द्या : वर पाहा आणि नक्षी कुठे पुन्हा पुन्हा येते ते मोजा. पुण्याकडे जाणं झालं तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातला वाद्यांचा विभाग चुकवू नका.

पालकहो, तुमच्यासाठी गृहपाठ छोटा आहे. या रविवारी घरातल्या सगळ्यात जुन्या नाव घातलेल्या वस्तूचा फोटो काढा, टॉर्च तिरका धरून. मुलाला शेजारी बसवा आणि ते नाव मोठ्याने वाचायला सांगा. कोण होती ही व्यक्ती, हा प्रश्न तो स्वतःच विचारेल. तुम्हाला उत्तर येत नसेल तर लगेच आजीला फोन लावा. ती उत्तर देऊ शकते तोवरच हा अभ्यास सोपा आहे.